रॅटरेसाहेबांचा चहा

पहिल्या खेपेला त्यांच्या उजव्या पायाचा अंगठा पाण्यावर राहिला.

मी हौदाच्या काठाशी गुडघे टेकून बसलो होतो. बाप्तिस्म्याच्या साक्षीदाराचं काम एवढंच, की माणूस डोक्यापासून नखापर्यंत पाण्याखाली गेला की नाही ते पाहायचं. आमच्या पंथात केसांची बट जरी वर राहिली तरी तो बाप्तिस्मा धरत नाहीत, पुन्हा करावा लागतो. मला तो अंगठा स्वच्छ दिसला. आपण तो पाहिलाच नाही असं मी मनाशी ठरवूनही टाकलं होतं. पण समोरच्या काठावर दुसरे साक्षीदार होते ब्रदर डोइग. शहरात बस चालवायचे, आणि नियमाच्या बाबतीत आपल्या बससारखेच, थांबा सोडून कुठे थांबायचे नाहीत. त्यांनी एक बोट वर केलं.

"पाय," ते म्हणाले.

बाप्तिस्मा देणारा, कमरेइतक्या पाण्यात उभा असलेला हॅडलॉक माझ्याकडे बघत राहिला. त्याच्या हाताच्या आधारानं रॅटरेसाहेब उभे होते, पंचाहत्तरीला टेकलेले, अंगाला चिकटलेल्या पांढऱ्या कपड्यांत. पाणी कोमटसुद्धा नव्हतं. त्यांचे दात वाजत होते.

"राहू दे," मी म्हणालो. "ब्रदर डोइग, राहू दे ना."

"राहू कसं द्यायचं?" हे रॅटरेसाहेबच म्हणाले. "करायचं तर नीट करा. पोरा, चल, पुन्हा."

या गोष्टीला वीसेक वर्षं झाली. गाव डंडी, स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावरचं. मी तेव्हा एकवीस वर्षांचा, एल्डर वाघमारे. एल्डर म्हणजे वडीलधारा. मिसरूड नीट न फुटलेल्या पोरांना आमच्या पंथात वडीलधारे म्हणतात आणि दोन वर्षं परमुलखात लोकांची दारं ठोठवायला पाठवतात. माझं मूळ गाव श्रीरामपूरजवळ. वडील नोकरीसाठी हैदराबादला गेले, तिथे मॉर्मन या अमेरिकी ख्रिस्ती पंथात गेले, आणि मी काळा कोट, पांढरा सदरा, टाय आणि छातीवर नावाची काळी पट्टी लावून डंडीला पोचलो. पंथाच्या मिशनऱ्याला एकटं फिरायची परवानगी नाही. जोडीदार कायम नजरेच्या टप्प्यात आणि हाकेच्या अंतरावर हवा. न्हाणीघर सोडलं तर कुठेच सुटका नाही. लग्नाच्या बायकोलाही माणूस इतका चिकटून राहत नाही.

माझा जोडीदार हॅडलॉक. अमेरिकेत आयडाहो नावाचं राज्य आहे, तिथल्या बटाट्याच्या शेतावर वाढलेला, ताडमाड, केस वाळल्या गवताच्या रंगाचे. स्वभावानं इतका सरळ की त्याला थट्टा कळायला वेळ लागायचा. आम्ही उजाडायच्या आत उठायचो, वचनं वाचायचो, लापशी खायचो आणि चढणीच्या रस्त्यांवर दारं ठोठवत निघायचो. वर्तमानपत्र नाही, टीव्ही नाही, पोरींशी बोलणं नाही, चहा-कॉफी नाही. घरी फोन वर्षातून दोनदा, नाताळला आणि मातृदिनाला. दारं बहुधा उघडायचीच नाहीत. उघडली की आतून कुत्रं यायचं, नाहीतर शिवी. एका बाईनं आम्हाला आत घेतलं तेव्हा आम्ही हरखलो, तर तिला माळ्यावरचं जड कपाट खाली उतरवून हवं होतं. आम्ही उतरवून दिलं. तिनं दार लावून घेतलं. हॅडलॉक म्हणाला, "बी तर पडलं." मी म्हणालो, "कपाटही जवळजवळ पडलंच होतं." तो बराच वेळ चालल्यावर हसला.

रॅटरेसाहेबांच्या दारावर मात्र उलटंच झालं. त्यांनी दार उघडलं, हॅडलॉककडे पाहिलंही नाही. माझ्या छातीवरची पट्टी चष्मा सरकवून वाचली.

"वाघ-मारे," ते म्हणाले. मग एकदम, "बाघ मारा? तुम बाघ मारा?"

डंडीच्या त्या गारठ्यात, माणसाच्या तोंडून शब्द निघाला की त्याची वाफ होत होती अशा हवेत, मी हिंदी ऐकलं. माझे डोळे भरून आले. साहेबांनी उमेदीची वर्षं कलकत्त्याजवळ हुगळीकाठच्या तागाच्या गिरणीत काढली होती. डंडीचे पुष्कळ लोक त्या काळी तिकडे मुकादमी करायला जायचे. हिंदी त्यांचं गिरणीतलं, मोडकंतोडकं, पण अजून जिवंत होतं.

"बैठो, बाघ साहब. चाय पियेगा?"

"आम्ही चहा पीत नाही," मी इंग्रजीत म्हणालो.

त्यांनी किटली खाली ठेवली. "हिंदुस्तानी आदमी. चाय नहीं." ते हॅडलॉककडे वळले. "काय केलंत रे या पोराचं?"

मग दर आठवड्याला आम्ही त्यांच्या स्वयंपाकघरात बसायला लागलो. ते आमच्यापुढे गरम पाण्याचे कप ठेवायचे आणि स्वतः काळाभोर, दाट चहा प्यायचे. दिवसाला दहा-बारा कप सहज. चहा दार्जिलिंगचा, पत्र्याच्या हिरव्या डब्यातला. हॅडलॉक संदेष्ट्यांबद्दल बोलायचा, साहेब गिरणीबद्दल. देवाचा विषय आला की ते उठून पुन्हा किटली चढवायचे. भिंतीवर त्यांच्या बायकोचा फोटो होता, एल्सीचा. पातळ ओठांची, हसरी बाई. "ती तिकडेच राहिली," एवढंच ते म्हणायचे. बाईची कबर कलकत्त्यात होती. हा माणूस आपल्या पंथात येणार नाही हे मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. हॅडलॉकला ते कळत नव्हतं, किंवा कळूनही तो जात राहिला. तिथे ऊब होती, आणि आम्हाला दुसरं कोणी बसा म्हणत नव्हतं.

फेब्रुवारीत एडिंबरोहून मिशनच्या अध्यक्षांचा फोन आला. हॅडलॉकच्या आईच्या पोटात गाठ निघाली होती. त्याला घरी फोन करायची खास परवानगी मिळाली. जोडीदारानं हाकेच्या अंतरावर राहायचं, म्हणून मी त्याच खोलीत भिंतीकडे तोंड करून बसलो. पलीकडून बाईचा आवाज येत होता. ती त्याला डॅरी म्हणत होती. तोवर त्याला कोणी हॅडलॉकशिवाय दुसऱ्या नावानं हाक मारलेली मी ऐकली नव्हती.

"अध्यक्ष म्हणतात, हवं तर ये," तो तिला म्हणाला.

"अजिबात यायचं नाही," ती म्हणाली. "हाती घेतलंस ते पुरं कर. मी कुठे जात नाही."

फोन ठेवून तो पलंगावर बसला आणि म्हणाला, "मी देवाला सांगितलंय."

"काय?"

"ऑपरेशनच्या आधी मी रॅटरेंना त्याच्याकडे घेऊन येईन. एक माणूस. मग तो आईला ठेवील."

"म्हणजे नवस बोललास."

नवस म्हणजे काय ते त्याला समजावताना माझी तारांबळ उडाली. तो रागावला. "आम्ही देवाशी सौदा करत नाही," म्हणाला. माझी आजी दरवर्षी हरेगावच्या मतमाउलीला, म्हणजे मारियामातेला, मेणबत्त्यांचा नवस बोलायची आणि अनवाणी जाऊन फेडायची. नवसाचा चेहरा मी लहानपणापासून ओळखतो. आजी आणखी एक सांगायची, दुसऱ्याच्या बोकडावर नवस बोलू नये. ते मी हॅडलॉकला सांगितलं नाही. सांगून त्याला कळलंही नसतं.

पुढच्या भेटीला तो साहेबांच्या स्वयंपाकघरात बोलता बोलता थांबला आणि टेबलावर डोकं ठेवून रडला. साहेबांनी विचारलं, त्यानं सगळं सांगितलं. आई, गाठ, ऑपरेशनची तारीख. नवसाचं तेवढं सांगितलं नाही. सांगायची गरजही नव्हती. साहेबांनी त्याच्या तोंडाकडे खूप वेळ पाहिलं, मग भिंतीवरच्या एल्सीकडे, मग आपल्या कपाकडे.

"काय करावं लागतं तुमच्यात यायला?" त्यांनी विचारलं.

हॅडलॉकनं मान वर केली. त्याला वाटलं देव बोलला. मलाही क्षणभर वाटलं, खोटं कशाला बोलू?

चहा सोडावा लागेल, हॅडलॉक म्हणाला. पाइप ओढणंही. साहेबांनी कप बाजूला सारला. "सोडला," ते म्हणाले.

बाप्तिस्मा मार्चअखेरीस ठरला होता. तेवढ्यात ऑपरेशन एक आठवडा आधी घ्यायचं ठरलं. हॅडलॉक एका जागी बसेना. बाप्तिस्माही आधी घेऊ, आजच, म्हणाला. ब्रदर डोइग म्हणाले, हौदाचं पाणी तापायला बॉयलर आदल्या दिवशी चालू करावा लागतो, आता वेळ नाही. मी म्हणालो, उद्या करू. "तिकडे उद्या सकाळी तिला आत नेणार," हॅडलॉक म्हणाला. साहेबांना विचारलं, तर ते म्हणाले, "गार पाण्यानं कोणी मरत नाही. चला."

तर तो अंगठा.

दुसऱ्या खेपेला अंगठा खाली गेला, पण हॅडलॉक म्हणायच्या वाक्यात अडखळला. ठरलेलं वाक्य शब्दाला शब्द म्हणावं लागतं. त्यानं साहेबांचं नाव घेतलं आणि पुढचा शब्दच त्याला सुचेना. त्यानं साहेबांना पाण्यात तर घातलं, वर काढलं, आणि आपणच मान हलवली. डोइगना बोट वर करावं लागलं नाही.

"साहब, बस हो गया," मी हिंदीत म्हणालो. "बाहर आइए."

साहेबांचे ओठ जांभळे पडले होते. माझ्याकडे न बघता ते म्हणाले, "हुगळीत यापेक्षा गार पाण्यात पडलोय मी. घाल पोरा, पुन्हा घाल."

तिसऱ्या खेपेला सगळं नीट झालं. हॅडलॉक पाण्यातच रडला. मी साहेबांना टॉवेलमध्ये गुंडाळलं, चोळचोळ चोळलं, पण त्यांचं अंग काही थरथरायचं थांबेना. घरी सोडताना त्यांना खोकला लागला होता. हॅडलॉकला तो ऐकूही आला नाही. रस्ताभर तो पुटपुटत होता, आता ती बरी होणार, आता होणारच.

आई ऑपरेशनच्या टेबलावरच गेली. पोट उघडलं तेव्हा आत काही करण्यासारखं राहिलंच नव्हतं. अध्यक्ष स्वतः सांगायला आले. हॅडलॉकनं ऐकून घेतलं, "थँक्यू, प्रेसिडेंट," म्हणाला. अंत्यविधीला जायचं का, असं त्याला विचारलं. त्याच्या वडिलांनी निरोप दिला होता, तिची इच्छा होती तू काम पुरं करावंस. तो राहिला. दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत उठला, टाय बांधला आणि म्हणाला, "चल."

त्या दिवशी आम्ही नदीकाठच्या उंच इमारतींमधली दारं ठोठवली. मजल्यामागून मजला. त्यानं एकही दार सोडलं नाही. कोणी उघडलं नाही. एका जिन्यात तो मध्येच बसला.

"कुठे चुकलं, वाघमारे?" तो म्हणाला. "पाणी? शब्द? का त्यांचा विश्वासच नव्हता आणि मी ओढून आणलं? तसं असेल तर तो बाप्तिस्मा नव्हताच. तसं असेल तर मीच..."

"वेडं बोलू नकोस," मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार? मला त्याला जवळ घ्यावंसं वाटलं आणि मी घेतलं.

साहेब रुग्णालयात आहेत हे त्यांच्या शेजारीण मिसेस पेट्री यांच्याकडून कळलं. न्यूमोनिया. आम्ही दुपारी गेलो. ते उशांना टेकून होते, तोंडावर ऑक्सिजनचा मुखवटा, श्वासागणिक छाती भात्यासारखी वाजत होती. हॅडलॉक दाराशीच थबकला.

"तू सांग त्यांना," तो म्हणाला. "आई गेली म्हणावं. तिकडे ती भेटेल, तिला माझं सांगा म्हणावं. तुमच्या त्या भाषेत सांग. मला इंग्रजीत ऐकवणार नाही."

तो खिडकीशी जाऊन आमच्याकडे पाठ करून उभा राहिला. नजरेच्या टप्प्यात, हाकेच्या अंतरावर. तेवढ्या दुःखातही त्यानं नियम मोडला नाही.

मी खुर्ची ओढून बसलो. साहेबांनी मुखवटा थोडा खाली ओढला.

"बाघ साहब. उसका माँ?"

मी हॅडलॉकच्या पाठीकडे पाहिलं. सदरा त्यानं सकाळी स्वतः इस्त्री केला होता, पाठीवर घडी राहिली होती. मग मी साहेबांच्या तोंडाकडे पाहिलं. हा माणूस उद्याचा दिवस पाहणार नव्हता. दोन्हीकडचं खरं माझ्या एकट्याजवळ होतं, आणि ते कोणाला द्यावं असं नव्हतं.

"अच्छी है," मी म्हणालो. "ऑपरेशन ठीक हो गया. आपको सलाम बोला है."

"सच?"

"सच."

त्यांनी डोळे मिटले. हसायला गेले आणि खोकल्याची उबळ आली. ती ओसरल्यावर ते बारीक आवाजात बोलायला लागले. वाकून ऐकावं लागत होतं.

"हम कुछ मानता नहीं था, बाघ साहब. तुमको तो मालूम था. लड़का का मुँह देखा, बस. एल्सी बीमार था ना, तब हम भी वैसा मुँह लेके गिरजा में बैठता था. रोज़. बोला, सब छोड़ देगा, शराब छोड़ेगा, सब. छोड़ा भी. कुछ नहीं हुआ." ते थांबले. "हम सोचा, ऊपर कोई नहीं है. या बहरा है."

"मत बोलिए. आराम कीजिए."

"इस बार सुना," ते म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर अविश्वास होता, चांगली बातमी ऐकल्यावर होतो तसला. "इस बार सुना उसने. है कोई. हम को लगता था नहीं है. है." त्यांची बोटं माझ्या मनगटाभोवती घट्ट झाली. "लड़के को मत बोलना, हम पहले नहीं मानता था."

"नहीं बोलूँगा."

हॅडलॉक खिडकीपासून वळला. "काय म्हणाले?"

"भेटेन म्हणाले," मी सांगितलं.

साहेब त्याच रात्री गेले.

त्यांना पुरायला कपडे हवे होते आणि घराची किल्ली मिसेस पेट्रींकडे होती, म्हणून दुसऱ्या सकाळी आम्ही त्यांच्याकडे गेलो. ठेंगणी, कडक बाई. आमच्यावर त्यांचा राग होता आणि तो त्यांनी लपवला नाही. साहेबांचा निळा सूट त्यांनी आधीच काढून खुर्चीवर घातला होता.

"बसा," त्या म्हणाल्या. "तुम्ही पोरांनी त्याचं काय केलंत ते तुम्हालाच ठाऊक. एके सकाळी आला आणि सगळा चहा माझ्या टेबलावर ठेवून गेला. पाइप, तंबाखू, सगळं. मी म्हटलं, विली, डोकं फिरलंय का तुझं? घरात बसून कोण बघतंय? तर म्हणाला, बघणाऱ्याचा प्रश्न नाही, अर्धवट करून चालणार नाही. डोकं धरून बसायचा हो. एक कप घे म्हणून मी पाया पडायचंच तेवढं बाकी ठेवलं, पण नाही घेतला."

फडताळावर तो हिरवा पत्र्याचा डबा होता. त्यांनी किटली चढवली, न विचारता दोन कप मांडले, आणि त्याच डब्यातला चहा काळाभोर करून आमच्यापुढे ठेवला. त्यांना आमचा नियम ठाऊक होता. मुद्दामच ठेवला असणार, आणि मला त्याचा राग आला नाही.

हॅडलॉकनं कप हळूच बाजूला सारला. मग तो माझ्याकडे वळला. रात्रभर झोपला नव्हता.

"वाघमारे," तो म्हणाला. "तुझ्याशी ते बोलले. इतका वेळ बोलत होते. मला खरं सांग. त्यांचा विश्वास होता?"

मिसेस पेट्रीही माझ्याकडे बघायला लागल्या.

इस बार सुना उसने. माझ्या एका खोट्यावर त्या म्हाताऱ्यानं आयुष्याच्या शेवटच्या दिवशी देव मानला होता.

"हो," मी म्हणालो. "शेवटी होता."

हॅडलॉकनं मान डोलावली आणि तोंड ओंजळीत धरलं. नवस फिटला नव्हता, आई परत येणार नव्हती, पण त्याचा एक माणूस त्याच्या देवापर्यंत पोचला होता. तेवढ्यावर तो पुढची वर्षं काढू शकणार होता, आणि अजून काढतो आहे.

मी माझ्यापुढचा कप उचलला आणि प्यायलो. फार कडू होता. हॅडलॉकनं ते पाहिलं, आणि तो साहेबांच्या सूटची घडी घालायला लागला.